पांढरे लुगडे, निळा ड्रेस आणि धुण्याचे मशीन

बुद्धपौर्णिमेच्या आदल्या दिवसाची गोष्ट. पहिली पाळी संपवून आम्ही तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतून कोळगावला घरी आलो. आमच्या सहचारिणी विहारात दुसऱ्या दिवसाच्या खिरीच्या तयारीला गेल्या होत्या. मोरीत धुण्याचा ढीग पडला होता आणि शेजारी सहा महिन्यांपूर्वी हप्त्याने घेतलेले दोन टबांचे मशीन उभे होते. मनात आले, त्या दमून येतील, आज आपणच धुणे लावू.

ढीग उचलला आणि टबात कोंबला. आईचे पांढरे लुगडे, मुलाचा पांढरा सदरा, दोन चादरी, टॉवेल, सहचारिणींच्या साड्या आणि त्याच आठवड्यात कंपनीकडून मिळालेला आमचा नवा गडद निळा ड्रेस. वरून पावडर ओतली, नळी सोडली, बटण फिरवले आणि वर्तमानपत्र घेऊन बसलो.

पाऊण तासाने झाकण उघडले तेव्हा आईचे लुगडे आभाळी झाले होते. चादरींच्या घडीत पावडरीच्या गुठळ्या तशाच होत्या. साडीला राहून गेलेली पिन अडकून मुलाचा सदरा बोटभर फाटला होता. साड्यांना असा पीळ बसला होता की सोडवायला दोघे लागले. सहचारिणी आल्या, वलणीकडे पाहिले आणि एवढेच म्हणाल्या, "अहो, मशीन हप्त्यानं मिळतं, ते चालवायची अक्कल हप्त्यानं मिळत नाही." आई मात्र हसली. म्हणाली, "असू दे रे. निळा तर आपलाच रंग." आणि दुसऱ्या दिवशी तेच आभाळी लुगडे नेसून ती वंदनेला बसली.

गोष्ट हसण्यावारी गेली. पण त्या रात्री आमच्या मनात एक विचार आला, तो हसण्यासारखा नव्हता. आमचा कंपनीचा ड्रेस याआधीही वर्षानुवर्षे मुलांच्या कपड्यांत असाच धुतला जात होता. जुन्या ड्रेसचा रंग जात नव्हता, म्हणून कुणाला काही दिसले नाही. रंग दिसतो, रसायन दिसत नाही. सहचारिणींच्या हातांना मधूनमधून खाज सुटायची. आम्ही म्हणायचो, साबण बदलून पाहा. हा ड्रेस धुतो कोण आणि कशात, हा प्रश्न आम्ही स्वतःला कधी विचारलाच नव्हता.

म्हणून हा लेख. मशीन कोणते घ्यावे हे सांगायला नव्हे, तर मशीनचे बटण फिरवण्याआधी माणसाने काय करायचे असते ते सांगायला.

कपड्याचा मान

आपल्या समाजात स्वच्छ कपडा ही हौसेची गोष्ट कधीच नव्हती. आई सांगते, तिच्या लहानपणी गावचा परीट आपल्या वस्तीचे कपडे धुवायला घेत नसे. नदीवर जायचे तर सगळ्यांच्या खालच्या अंगाला, म्हणजे वरच्यांनी धुऊन सोडलेल्या पाण्यात. आणि वर पुन्हा हेच ऐकायचे, की ही माणसे मळकी राहतात.

डिसेंबर १९२७ मध्ये महाडला जमलेल्या स्त्रियांना बाबासाहेबांनी लुगडे नेसण्याची जुनी, जात दाखवणारी पद्धत सोडायला आणि जातीची ओळख सांगणारे जड दागिने टाकायला सांगितले. २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत त्यांनी स्त्रियांना स्वच्छ राहायला शिका असे सांगितले. त्याच भाषणात त्यांनी हेही सांगितले की पत्नीने पतीची दासी न होता बरोबरीची मैत्रीण व्हावे. आपण त्यातली पहिली गोष्ट घरोघर पाळली. दुसरीकडे या लेखाच्या शेवटी येऊ.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी शुभ्र वस्त्रांत धम्मदीक्षा घेतली. तेव्हापासून विहारात, पौर्णिमेला, मंगलविधीला आणि ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर पांढरे वस्त्र हा आपला रिवाज झाला. आणि पांढरे वस्त्र जपणे सर्वांत कठीण, हे धुणाऱ्याला विचारा.

आधी पाच ढीग करा

मशीनला जात-पात नसते हे खरे, पण कपड्यांची वाटणी करावीच लागते. मोरीबाहेर कोरड्या जागी पाच ढीग करा.

पहिला पांढऱ्या कपड्यांचा. दुसरा फिक्या रंगांचा. तिसरा गडद आणि नव्या कपड्यांचा. चौथा टॉवेल, चादरी, जीन अशा जाड कपड्यांचा, कारण जाड कपड्यांबरोबर घासून पातळ कपडे लवकर विरतात आणि टॉवेलचा लव सगळ्यांना चिकटतो. पाचवा कामावरच्या कपड्यांचा. हा पाचवा ढीग घरातल्या कोणत्याही ढिगाला लागू द्यायचा नाही. त्याचे कारण पुढे येईल.

नवा गडद कपडा रंग सोडतो की नाही हे पाहायला पैसे पडत नाहीत. आतल्या शिवणीचा कोपरा साबणाच्या पाण्याने ओला करा आणि पांढरी चिंधी त्यावर दाबून धरा. चिंधीला रंग लागला तर तो कपडा पहिल्या चार-पाच वेळा बादलीत वेगळा धुवा. एवढे करूनही पांढऱ्याला रंग लागलाच, तर तो कपडा वाळवू नका आणि इस्त्री तर मुळीच करू नका. ओला असतानाच पुन्हा साबणाच्या पाण्यात टाका. एकदा वाळला की रंग घट्ट बसतो. आम्ही आईचे लुगडे तसेच वाळत घातले, म्हणून ते आजही आभाळी आहे.

खिसे, पिना आणि नाड्या

खिसा उलटा करून बाहेर काढायचा, हाताने चाचपून भागत नाही. लोकलचा पास, नाणी, पेन, खिळा, तंबाखूची पुडी, सगळे आमच्या खिशांतून निघाले आहे. एक नाणे टबाखाली गेले तर दुरुस्तीला शेकडो रुपये जातात. पेन फुटले तर पूर्ण धुणे जाते.

साडीच्या पिना आधी काढा. चेन लावा, हूक अडकवा, पायजम्याची आणि परकराची नाडी सैल गाठ मारून ठेवा. बाह्या दुमडलेल्या असतील तर सरळ करा. गडद कपडे आणि छापील बनियन उलटे करा, म्हणजे रंग आणि छाप टिकतो. ब्रेसियर, मोजे, बाळाची टोपडी जाळीच्या पिशवीत घाला. पिशवी नसेल तर जुन्या उशीच्या अभ्र्याचे तोंड बांधले तरी चालते. उसवलेली शिवण धुण्याआधी शिवा. बोटभर उसवलेले धुतल्यावर वीतभर होते.

साडी सहावारी असो की नऊवारी, मोकळी सोडू नका. खाली फिरणारी चकती तिला गुंडाळून घेते. साडीची सैल घडी करून जाळीच्या पिशवीत घाला आणि एका वेळी दोनपेक्षा जास्त साड्या टाकू नका.

डाग आधी, मशीन नंतर

मशीन मळ काढते, डाग काढतेच असे नाही. कॉलर आणि मनगटपट्टीला साबण चोळून दहा-पंधरा मिनिटे ठेवा. रक्ताच्या डागाला नेहमी थंड पाणी लावा. गरम पाण्याने तो कायमचा बसतो. चिखल ओला असताना चोळू नका. वाळू द्या, झटका, मग धुवा. तेलाच्या डागाला भांडी घासायचे पातळ साबण लावा. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो. घाबरू नका, धुऊन कडक उन्हात घाला, हळद उन्हाला टिकत नाही.

ब्लीच वापरायचे तर फक्त पांढऱ्या सुती कपड्यांना आणि पाण्यात पातळ करून. ब्लीच आणि संडास धुण्याचे ॲसिड कधीही एकत्र येऊ देऊ नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो. लहानशा मोरीत तो जीवघेणा ठरू शकतो.

सात किलो म्हणजे किती?

मशीनवर सात किलो लिहिलेले असते. ते कोरड्या कपड्यांचे वजन. पण घरात कपडे कोण तोलतो? एकदा किराणा दुकानाच्या काट्यावर गाठोडे ठेवून पाहा, अंदाज जन्माचा बसेल. साधारण हिशोब असा. पुरुषाचा शर्ट पाव किलोच्या आत. जीन ६०० ते ७०० ग्रॅम. सुती सहावारी अर्ध्या किलोच्या आसपास. मोठा टॉवेल ४०० ग्रॅम. मोठी चादर पाऊण ते एक किलो. आमच्या त्या दिवशीच्या ढिगात दोन चादरी, चार टॉवेल, तीन साड्या, लुगडे, ड्रेस आणि बाकीचे मिळून सात किलो कधीच ओलांडले होते.

सात किलोच्या मशीनमध्ये रोजचे पाच किलो टाका. कपडा नुसता भिजून स्वच्छ होत नाही. तो पाण्यात वरखाली फिरला, एकमेकांवर घासला, तरच मळ सुटतो. कोंबलेला कपडा जागेवरच राहतो, पावडर घडीत अडकते आणि मोटार तापते.

टाकायचे कसे?

आपल्या बहुतेक घरांत दोन टबांचे मशीन असते. त्यात आधी पाणी भरा, मग पावडर टाकून मिनिटभर फिरवा आणि ती विरघळल्यावर कपडे सोडा. एकेक कपडा झटकून, सैल सोडायचा. मोठा कपडा आधी, लहान नंतर. दोन मिनिटांनी पाहा. तळाचा कपडा वर येतो का? येत नसेल तर मशीन बंद करून दोन कपडे काढा. ही खूण ज्याला कळली त्याला किलोचा हिशोब लागत नाही.

पिळण्याचा टब धुण्याच्या टबापेक्षा लहान असतो. धुतलेले सगळे एकदम त्यात घालू नका. कपडे कडेने गोल, सगळीकडे सारखे दाबून बसवा, वर प्लॅस्टिकची जाळीदार चकती ठेवा, मग दोन्ही झाकणे लावा. धडधड आवाज आला तर वजन एका बाजूला गेले आहे. थांबवा, पुन्हा बसवा. टब पूर्ण थांबल्याशिवाय हात घालायचा नाही, हे मुलांना दहा वेळा सांगा. रेनकोट आणि प्लॅस्टिकचे कापड पिळण्याच्या टबात टाकू नका. त्यात पाणी अडकते आणि टब उसळतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात हा मोह फार होतो.

वरून कपडे टाकायचे पूर्ण स्वयंचलित मशीन असेल तर टब पाऊणच भरा आणि मधल्या भागाभोवती कपडे गोल पसरा. समोरून दार असलेल्या मशीनमध्ये कपड्यांच्या वर तळहात उभा राहील एवढी जागा ठेवा आणि कमी फेसाची पावडर वापरा. दाराच्या रबरात मोजा अडकला नाही ना, ते पाहा.

मशीन मोरीला लागून असते, तेव्हा तीन पिनांचा प्लग आणि खरी अर्थिंग असलीच पाहिजे. ओल्या जमिनीवर जोडवायर टाकू नका. ओल्या हाताने बटण नको.

पाण्याचा हिशोब

पालघर-बोईसरच्या पट्ट्यात कुणाकडे नळ, कुणाकडे बोअर, तर कुणाच्या इमारतीला टँकर. दोन टबांच्या मशीनला एका भरणीला चाळीस-पन्नास लिटर पाणी सहज लागते. म्हणून क्रम ठरवा. त्याच साबणाच्या पाण्यात आधी पांढरे, मग फिके, मग गडद, शेवटी पायपुसणी. खंगाळलेले शेवटचे पाणी बादल्यांत धरून संडासाला वापरा.

बोअरचे पाणी जड असेल तर फेस कमी येतो आणि पांढरे कपडे पिवळट, राठ होतात. तेव्हा पावडर दुप्पट टाकून उपयोग नाही. ती कपड्यातच राहते आणि अंगाला खाजते. नळाचे किंवा पावसाचे पाणी मिळेल तेव्हा ते पांढऱ्यांसाठी ठेवा. निळ घालायची तर बादलीत आधी पूर्ण मिसळा, नाहीतर ठिपके पडतात.

पाचवा ढीग

आता मुख्य गोष्ट. कोळगाव पालघर-बोईसर रस्त्यावरचे गाव. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला आणि २०२१ पासून जिल्ह्याच्या कचेऱ्या कोळगावच्या नव्या इमारतींत आल्या. सकाळी याच रस्त्याने एकीकडे इस्त्रीच्या कपड्यांत माणसे कचेरीत जातात, दुसरीकडे आमच्यासारखी पाळीची माणसे तारापूरला जातात. तिथे रसायनांचे, रंगांचे, औषधांचे, कापडाचे, पोलादाचे कारखाने. संध्याकाळी आम्ही परत येतो ते एकटे येत नाही. कपड्यांवर बसून कारखानाही घरी येतो.

ही भीती उगाच नाही. १९६५ साली लंडनमध्ये एक वैद्यकीय अभ्यास प्रसिद्ध झाला. ॲस्बेस्टॉसच्या धुळीने होणारा छातीच्या आवरणाचा कर्करोग त्यात अशा लोकांतही आढळला, ज्यांनी कारखान्यात कधी पाऊल ठेवले नव्हते. त्यांच्या घरचे माणूस तिथे कामाला होते आणि काहींनी त्याचे कपडे घरी धुतले होते. शिसे वापरणाऱ्या कारखान्यांतील कामगारांच्या कपड्यांवरून शिसे घरी जाऊन लहान मुलांना विषबाधा होते, हेही अनेक देशांत दिसले आहे. प्रत्येक कारखान्यात इतके घातक काही असते असे नाही. पण आपण काय अंगावर घेऊन येतो हे आपल्याला कळेपर्यंत सावध राहणे हाच शहाणपणा. चिकूच्या वाडीत औषध फवारायला जाणाऱ्यांच्या कपड्यांनाही हेच लागू.

तेव्हा नियम असे ठेवा. कंपनीत धुण्याची सोय असेल तर ड्रेस तिथेच ठेवा आणि हात-तोंड धुऊन, कपडे बदलून घरी या. सोय नसेल तर ड्रेस वेगळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत तोंड बांधून आणा. डब्याच्या पिशवीत कधीच नाही. घरात झटकू नका, आल्याबरोबर लहान मुलाला त्या कपड्यांनिशी उचलू नका. रबरी हातमोजे घालून वेगळ्या बादलीत, वेगळ्या पाण्यात धुवा. मशीनमध्ये धुवावाच लागला तर सगळ्यांत शेवटी, एकटा, दोनदा खंगाळून, आणि नंतर मशीन एकदा साध्या पाण्याने रिकामे फिरवून घ्या. थिनर, पेट्रोल, रॉकेल किंवा सॉल्व्हंटचा वास येणारा कपडा मशीनमध्ये टाकूच नका, पेट घेण्याचा धोका असतो. तो गॅसच्या शेगडीपासून लांब, उघड्यावर ठेवा. ज्या कपड्यावर रसायन सांडले तो घरी आणायचाच नाही. जागीच भरपूर पाण्याखाली जा आणि कपडा तिथेच उतरवा.

हे मागणे म्हणजे मेहेरबानी मागणे नव्हे. १९४८ च्या कारखाना कायद्यात कामगारांच्या धुण्याच्या सोयीसाठी ४२ वे कलम होते आणि कपडे ठेवण्याच्या व ओले कपडे वाळवण्याच्या जागेचे नियम करण्यासाठी ४३ वे. पुढे कामगार कायद्यांची मांडणी बदलली, मागणी जुनी झालेली नाही. युनियनच्या सभेत पगारवाढीबरोबर हाही विषय काढा. कारखान्याचा मळ कारखान्यातच राहिला पाहिजे. तो आपल्या बायकांच्या हातांवर यायचे कारण नाही.

काम कुणाचे?

मज्झिम निकायात वत्थूपम नावाचे सुत्त आहे. त्यात भगवान बुद्धांनी कापडाचाच दाखला दिला आहे. मळलेले कापड कोणत्याही रंगात बुडवले तरी रंग नीट चढत नाही, स्वच्छ कापडावर तो उजळ चढतो, आणि मनाचेही तसेच. विहारात आम्ही हे अनेकदा ऐकले होते. पण आमच्या मनाचा मळ आम्हाला त्या निळ्या लुगड्याने दाखवला. मळ हा, की धुणे बाईचे काम आहे आणि आपण एखाद्या दिवशी ते केले तर ती मदत. आमच्या अंगावरचा घाम, आमच्या कंपनीचे रसायन, आणि धुवायचे मात्र त्यांनी! मशीन आले म्हणून हे बदलले नव्हते. ढीग त्याच करत होत्या, खिसे त्याच उलटत होत्या, पाणी त्याच भरत होत्या. मशीनने फक्त हाताचे घासणे वाचवले. नागपूरच्या त्या भाषणातली दुसरी गोष्ट आमच्या मोरीपर्यंत पोचायची राहिली होती.

आता आमच्या घरी असे ठरले आहे. खिसे तपासायचे काम मुलाचे. सापडलेली नाणी त्याची, म्हणून तो एकही खिसा सोडत नाही. ढीग आम्ही आणि सहचारिणी मिळून करतो. पाचवा ढीग मात्र आमचा एकट्याचा. हातमोजे घालून, वेगळ्या बादलीत, आमच्या हाताने. सुरुवातीला शेजारचे दोघे-तिघे हसले. त्यातल्या एकाने परवा विचारले, हातमोजे कुठे मिळतात?

आईला आम्ही नवे पांढरे लुगडे आणले आहे. ते ती पौर्णिमेला नेसते. जुने आभाळी तिने टाकू दिले नाही. ते १४ एप्रिलला नेसायला ठेवले आहे.

येत्या सुट्टीच्या दिवशी आपल्या घरात पाच ढीग करून पाहा. आणि बांधवांनो, पाचव्याला हात घालायला बायकोची वाट पाहू नका.

जयभीम!